बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये खरंच तंबोरा आहे काय?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. परवा रात्री घरी स्पीकरवर बीटल्स या इंग्लिश बँडचं 'टुमॉरो नेव्हर नोज' लावलं होतं. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, तिथनंच म्हणाली, "तंबोरा कोण छेडतंय रे?" तिला इंग्रजी येत नाही, पण गावच्या भजनात तीस वर्षं गाते. मी हे गाणं शंभरदा ऐकलं असेल, मला तंबोरा कधी जाणवलाच नाही. खरंच आहे काय? वाजवला कुणी? आणि मधनंमधनं पाखरं किंचाळल्यागत आवाज येतात, ते १९६६ साली कॉम्प्युटर नसताना केले कसे? सायकेडेलिक रॉकचा, म्हणजे नशेतल्या भासांसारख्या वाटणाऱ्या रॉक संगीताचा, विषय निघाला की सगळे याच गाण्याचं नाव का घेतात, तेही सांगा.

टेपवाले काका, शहापूर:
आईंना माझा नमस्कार सांग. तंबोराच आहे, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं वाजवलाय. गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या सी सुरात आहे. मध्ये कोमल निषाद डोकावून जातो, पण खालचा षड्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत नाही. एका षड्जावर अख्खं गाणं उभं करायचं, हे त्या वेळच्या पॉपमध्ये नवलाचं होतं. आणि हॅरिसन तेव्हा रविशंकरांना भेटलेलासुद्धा नव्हता. रेकॉर्डिंग लंडनला ६ एप्रिल १९६६ ला सुरू झालं, त्यांची भेट जूनमधली.

आता पाखरांचं. मी १९७८ पासून टेप दुरुस्त करतोय, त्यामुळं हे जरा सविस्तर लिहितो.

एका भजनी मंडळानं त्यांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर माझ्याकडं आणला होता. तक्रार अशी, की नवा अभंग भरला तरी मागचा हरिपाठ पुसत नाही, दोन्ही एकावर एक ऐकू येतात. उघडून बघितलं तर इरेज हेडची वायर तुटलेली. हे हेड पट्टीवरचं जुनं पुसतं आणि त्याच्या पुढचं हेड नवं भरतं. पुसणारंच बंद पडलं की प्रत्येक फेरीला आवाजावर आवाज चढत जातो. दहा मिनिटांत वायर झाळून दिली.

बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीनं घरच्या मशीनवर हेच मुद्दाम केलं. इरेज हेड निकामी केलं, पट्टीचा तुकडा कापून दोन टोकं जोडून गोल केला आणि त्यावर फेरीमागनं फेरी भरत गेला. असे पाच लूप गाण्यात आहेत. तुझी पाखरं म्हणजे वेग वाढवलेलं हसणं. दुसऱ्या एका लूपमध्ये सतारीचे सूर आहेत.

पट्टी गोल फिरायची तर ती ताणलेली पाहिजे. म्हणून इमारतीतल्या वेगवेगळ्या मशीनवर हे लूप लावले आणि माणसं पेन्सिलीत पट्टी अडकवून धरून उभी राहिली. सगळ्या मशीनच्या तारा एका मिक्सरवर आणल्या आणि तिथं हातानं आवाज वरखाली करत ते गाण्यावर भरले. तो मिक्स पुन्हा हुबेहूब करताच येणार नाही. मी दुकानात एकदा बॉलपेनवर असा लूप धरून बघितलाय. हात थोडा सैल पडला की सूर लगेच लोंबतो. त्या माणसांनी तो ताण कसा राखला असेल, हे मला अजून थोर वाटतं.

हे गाणं गाणाऱ्या जॉन लेननला आपला आवाज डोंगरावरनं दलाई लामा मंत्र म्हणतायत असा पाहिजे होता. वीस वर्षांच्या जेफ एमरिक या इंजिनियरनं शेवटच्या कडव्यांत तो आवाज हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधनं काढला. आधीच्या कडव्यांशी ताडून बघ, फरक कळेल.

हे सगळं 'रिव्हॉल्व्हर'साठी. त्या अल्बमसाठी पहिलं रेकॉर्ड झालेलं गाणं हेच, आणि ५ ऑगस्टला अल्बम आला तेव्हा सगळ्यात शेवटी ठेवलं. स्टुडिओच वाद्यासारखा वाजवता येतो, हे पोरांना या गाण्यानं दाखवलं. पुढं इंग्लिश गायक फिल कॉलिन्सनं १९८१ मध्ये ते गायलं. केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीचं १९९६ चं 'सेटिंग सन' ऐक, ढोल ऐकताक्षणी ओळखशील.

अनगोळची वीणा:
काकांनी शब्दांचं सांगितलं नाही म्हणून लिहिते. लेननच्या हाती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं १९६४ चं एक पुस्तक आलं होतं. तिबेटी बौद्धांच्या मृत्यूविषयीच्या ग्रंथाच्या आधारानं एलएसडी या भास घडवणाऱ्या ड्रगच्या अनुभवाबद्दल लिहिलेलं. मन शांत कर, वाहत जा, हे सगळं तिथनं आलं. नाव मात्र बीटल्समधल्याच रिंगो स्टारच्या बोलण्यातली एक उलटसुलट ओळ.

ड्रग्जचं मला काही कौतुक नाही. पण सुरुवातीचे काही सेकंद डोळे मिटून ऐका. आधी फक्त तंबोरा हळूहळू वर येतो, मग ढोल. माझा तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला आहे. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की एकदम सूर उघडतो आणि खोली भरते. लेनन तसाच भरलेल्या खोलीत उभा राहून गातोय असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

खानापूरकर:
काका, ताई, मनापासून आभार. काल आईला हेडफोन लावून ऐकवलं. सुरुवातीला तिनं मान हलवली, मग भुवया वर गेल्या. शेवटी विचारलं, "ढोल माणूस वाजवतोय की मशीन? एक ठोका इकडचा तिकडं होईना."

टेपवाले काका, शहापूर:
माणूसच. रिंगो. मोठ्या ढोलात लोकरीचा स्वेटर कोंबला होता, माईक अगदी जवळ आणून ठेवला होता. सांग आईंना.