मदत हवी आहे: घशातल्या स्ट्रेप्टोकोकसची डी-टेस्ट

मंडळी, फोंडा-मडगाव भागात मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गोठू नये म्हणून फायब्रिन काढलेलं) रक्त नियमित कुठे मिळतं? स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस या जिवाणूत क्लिंडामायसिन या औषधाला दडलेला प्रतिकार आहे का, ते दाखवणाऱ्या डी-टेस्टला 5 टक्के रक्त घातलेलं म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचं माध्यम) लागतं. रक्तपेढीतलं रक्त नको. त्यातल्या अँटिबॉडी आणि सायट्रेट वाढीच्या आड येतात.

प्लेटवर दोन प्रतिजैविकांच्या डिस्क: एरिथ्रोमायसिन 15, क्लिंडामायसिन 2 मायक्रोग्रॅम, डिस्कच्या कडांत 12 मिमी, 35 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, 20 ते 24 तास. क्लिंडामायसिनभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूला इंग्रजी D सारखं चपटं झालं, की प्रतिकार दडलेला आहे असं समजायचं. पेनिसिलिन अजून लागू पडतं, पण त्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हाच अहवाल आधार.

पावसात मात्र प्लेटवर दव साचतं, वर्तुळाची कड पसरते आणि नेमका तो चपटेपणाच हरवतो. तुम्ही प्लेट किती वेळ, कशी वाळवता?