स्पार्क प्लग घरी बदलताना: सॉकेट कोणता, आवळायचा किती?

घाटवाट:
चार सिलिंडरची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारी). प्लगना ३८ हजार किमी झाले. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन जरा अडखळतं, चेक इंजिनचा दिवा मात्र लागलेला नाही. प्लग घरीच बदलायचे ठरवलं आहे. दुकानात १४, १६ आणि २१ मिमी अशा तिन्ही मापांचे प्लग सॉकेट मिळतात, त्यातला कुठला घेऊ? टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) लागतोच का? आट्यांना ग्रीस लावायचं का? आणि साध्या निकेलऐवजी इरिडियम टाकण्यात अर्थ आहे का?

रॅचेटवाला:
सॉकेटच्या आधी मॅन्युअलमधला प्लगचा नंबर बघा, माप त्यातच असतं. उदाहरणार्थ, एनजीकेचा बीकेआर६ई-११ हा नंबर: बीके म्हणजे १४ मिमी आटे आणि १६ मिमी षटकोन, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती झटकन बाहेर सोडतो ते), ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि ११ म्हणजे १.१ मिमी गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट. २१ चा सॉकेट जुन्या जाड प्लगचा. १२ मिमी आट्यांच्या बऱ्याच नव्या प्लगना १४ चा लागतो, तोही पातळ भिंतीचा, नाहीतर प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) उतरतच नाही. हीट रेंज मनाने बदलू नका. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये उलटं.

हत्यारं मोजकीच लागतात. ३/८ इंची रॅचेट, १५० मिमीचं एक्स्टेंशन, आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग सॉकेट, कॉइलच्या बोल्टसाठी छोटा सॉकेट (बहुधा १० चा), गॅप मोजायचा वायर गेज आणि हातभर रबरी नळी. रबरवाला सॉकेट प्लगला घट्ट धरून बसतो आणि एक्स्टेंशन एकटंच वर येतं, सॉकेट खाली विहिरीत. म्हणून जोडावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. चुंबकवाल्याला हा त्रास कमी.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम अॅल्युमिनियम हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणातून) प्लग काढताना आटे खरवडून येण्याची भीती असते. इग्निशन बंद करा. कनेक्टरची कळ नीट दाबून मगच ओढा, जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं. कॉइल आधी थोडी डावी-उजवी फिरवून रबर सुटं करा आणि सरळ वर घ्या. प्लग सैल करण्याआधी विहिरीत हवा मारा. हे कुणी टाळू नये, तिथे साचलेली वाळू प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये जाते.

प्लग अडला तर जोर लावू नका. पाव फेरा सैल, परत आत, आट्यांशी दोन थेंब रस्ट-स्प्रे, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तेच. निघालेले प्लग १ ते ४ क्रमाने मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जास्त पेट्रोलचं, तेलकट ओलं म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पांढरट आणि फोड आलेलं म्हणजे प्लग जास्त तापतोय. शेलच्या (प्लगच्या धातूच्या कवचाच्या) वर चिनीमातीवर तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका, तो कोरोनाचा, म्हणजे उच्च व्होल्टेजमुळे भोवतालच्या हवेत होणाऱ्या विद्युत-विसर्गाचा डाग असतो, गळती नव्हे.

नवा प्लग रॅचेटने सुरू करायचा नाही. नळीचं तोंड प्लगच्या चिनीमातीवर घट्ट बसवा, प्लग विहिरीत सोडा आणि नळी बोटांनी फिरवा. पहिलं अर्ध वळण उलटं द्या. आटा जागेवर पडल्याचा बारीक 'टक' जाणवतो, तिथून सरळ आत. आटा तिरपा बसला तर नळी घसरते, आट्यांना धक्का लागत नाही. पाना लावला असता तर तोच तिरपा आटा हेड कापत गेला असता, मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची सुरळी) बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

न्यूटनमीटर:
वरच्या उत्तरात टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, राहिला. अॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, पण मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. दुकानात सहसा समोर येतो तो २८ ते २१० चा १/२ इंची रेंच. तो यासाठी नको, तुम्हाला लागणारा आकडा त्याच्या अगदी तळाशी येतो आणि तिथे भरवसा नसतो. ३/८ इंची, १० ते ६० च्या आसपासचा घ्या.

रेंच नसेल तर कोन मोजा. १४ मिमी प्लग बोटांनी वॉशर टेकेपर्यंत बसवा, नव्या वॉशरला पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. एकदा दबलेल्या जुन्या वॉशरला जेमतेम १/१२ फेरा. वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला १/१६. प्लग सैल राहिला तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, टोक तापून लाल होतं आणि मिश्रण वेळेआधी पेटतं. जास्त आवळला तर शेल ताणला जातो किंवा आटे जातात.

ग्रीस आट्यांना नको. प्लगना मुलामा असतोच, वर वंगण आलं की तोच आकडा दाखवणारा रेंच प्रत्यक्षात जास्त आवळतो. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावायचंच तर कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला पुसट हात.

घाटवाट:
आभारी आहे. कॉइल वर काढून पाहिल्या. तिसऱ्या विहिरीत तेल आहे, प्लगच्या षटकोनापर्यंत. पुसून पुढे जाऊ का? शिवाय गाडीला नंतर सीएनजी किट बसवलेलं आहे, हे सांगायचं राहिलं.

रॅचेटवाला:
तेल वरून येतंय, व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधलं प्लगच्या विहिरीभोवतीचं सील गेलंय. आधी ते बदला, नाहीतर कॉइलचं रबर तेलाने फुगून फाटेल आणि ठिणगी बाजूने हेडला जाईल. प्लग काढण्यापूर्वी तेल कापडाच्या वातीने टिपून घ्या.

सीएनजीला ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे झिजलेली गॅप आधी सीएनजीवर जाणवते. तुमची सकाळची अडखळ पेट्रोलवरच होत असेल, कारण किट इंजिन तापल्यावर गॅसवर जातं. म्हणजे पेट्रोलवरही जाणवावं इतके प्लग झिजलेत, किंवा त्या तिसऱ्या कॉइलचं रबर गेलंय. तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरवर लावून बघा, अडखळ तिच्यासोबत गेली तर कॉइलच दोषी.

न्यूटनमीटर:
गॅसवर चालवता तर निकेल प्लगची गॅप दर १० हजार किमीला मोजा. कमी करताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलकेच वाकवा, मधल्यावर टेकू देऊन कधीच नाही. इरिडियमचा मधला तार जेमतेम ०.६ मिमी आणि ठिसूळ असतो, नाण्यासारख्या गोल चकतीच्या गेजने तुटतो. तिथे गॅप न छेडता योग्य नंबरचाच प्लग घ्या. तुमच्या गाडीला निकेल लिहिलेले असतील तर इरिडियमने ताकद वाढणार नाही, फक्त बदलायचं अंतर लांबेल. हातातून फरशीवर पडलेला प्लग मात्र वापरू नका, आतली चीर बाहेरून दिसत नाही.