पी०३०३ एरर कोड येतोय, घाटात गाडी मिस मारायलीय, कॉइलच गेलीय का? मदत हवी आहे

मंडळी जरा मदत करा. गाडी २०१४ ची, बाराशे सीसी चार सिलेंडर पेट्रोल, कंपनीफिटेड सीएनजी, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ९६ हजार. सकाळी एका सेल्फला चालू होते, बीड गावात फिरवली तर काहीच नाही, पण इंजिन चांगलं गरम झालं आणि एसी लावून मांजरसुंब्याचा घाट चढायला घेतला की चौथ्यात रेस दाबल्याबरोबर झटके सुरू, पिकअपच नाही, चेक इंजिनचा दिवा आधी लुकलुकतो मग लागूनच राहतो. तिसऱ्यात टाकून रेस कमी केली की बऱ्यापैकी निघते. सीएनजीवर जास्त मिस मारते, पेट्रोलवर टाकली तर कमी, पण मारतेच.

मित्राचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीतले एरर कोड वाचायचं यंत्र) लावला तर पी०३०३ आला, एकदा त्याच्या जोडीला पी०३०० (ठरावीक एक सिलेंडर नाही, कुठंही मिस) पण होता. क्लिअर केला की पुढच्या घाटात परत हजर.

एका गॅरेजवाल्याने थ्रॉटल बॉडी साफ केली, पेट्रोलचे इंजेक्टर काढून धुतले, पैसे घेतले, फरक शून्य. दुसरा म्हणायलाय चारी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देतात त्या) टाका, त्यानं नाही झालं तर हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडावं लागंल. गंमत म्हणजे त्यानेच मल्टिमीटर लावून तीन नंबरची कॉइल तपासली आणि ती ओके दाखवली, मग बदलायची काहून विचारलं तर म्हणे अंदाज. अंदाजावर चार कॉइलचे पैसे कोण घालणार राव.

तर कॉइलच आहे हे नवीन पार्ट न घेता कसं ओळखायचं? आणि लातूरला घरच्या लग्नाला जायचंय, गाडी फुल भरून, एसी लावून. अशीच नेली तर चालंल का?

सिंदफणाकाठ:
हेड-बिड काही उघडू देऊ नका हो इतक्यात. अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. ०३०३ म्हणजे तीन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिस, तिथं इंधन नीट जळत नाही, नंबर फॅनबेल्टच्या बाजूने मोजायचे. आता बघा, कंपनीच्या सीएनजीला गॅसचे इंजेक्टर वेगळे आणि पेट्रोलचे वेगळे. पेट्रोलचा खराब असता तर गॅसवर गाडी गुपचूप चालली असती, गॅसचा असता तर पेट्रोलवर. दोन्हीवर तोच सिलेंडर मिस मारतोय म्हणजे दोन्हीला कॉमन काय ते बघायचं, कॉइल, प्लग, नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब). कॉम्प्रेशन गेलं असतं तर सकाळी थंड्या गाडीत आयडलला पण इंजिन हललं असतं (बहुतेक वेळा, शंभर टक्के नाही म्हणत). म्हणून इंजेक्टर धुतले ते कशासाठी हे त्या पहिल्या मिस्त्रीलाच माहीत.

घाटातच का होतं तर रेस दाबली की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त. कॉइलचं आतलं इन्सुलेशन गरमीने कमजोर झालं किंवा खालच्या रबर बूटला बारीक चीर गेली की वीज प्लगच्या टोकाला जायच्या ऐवजी बाजूलाच इंजिनच्या बॉडीला अर्थिंग होते. तुमची लक्षणं अगदी तीच आहेत.

धागाकर्ता:
हे पटलं. पण मग मल्टिमीटरमध्ये ओके कशी काय?

सिंदफणाकाठ:
मल्टिमीटर एवढ्याशा व्होल्टवर थंड्या कॉइलचा ओहम मोजतो. फेल होते ती तापल्यावर आणि हजारो व्होल्टला. वाइंडिंग तुटलेलं असेल तर मीटर सांगेल, ओके दाखवलं म्हणून कॉइल चांगली असं नाही. त्यात तीन-चार पिनच्या बऱ्याच कॉइलमध्ये आत सर्किट असतं, तिथं प्रायमरी (बॅटरीच्या बाजूचं वाइंडिंग) मोजून काही कळतच नाही.

पेट्रोलकाका:
स्वॅप टेस्ट करा, फुकटात होते. इंजिन थंड, चावी बंद. कॉइलच्या वायरच्या कपलरचं लॉक हळू दाबा, उन्हाने आणि इंजिनच्या गरमीने ते प्लास्टिक बिस्किटागत झालेलं असतं, पटकन तुटतं. दहा नंबरचा एक बोल्ट, कॉइल थोडी पिळून सरळ वर ओढा. तीन नंबरची एक नंबरला, एकची तीनला, मार्करने खूण करून ठेवा. कोड क्लिअर करा आणि परत त्याच घाटात न्या. पी०३०१ आला तर कॉइल गेली, पी०३०३ च राहिला तर पुढं प्लग बघायचा. काढताना बूटवर करडी-पांढरी रेघ दिसते का बघा, आणि प्लगच्या खड्ड्यात ऑइल आहे का ते पण.

रात्रपाळी:
काकांचं बरोबर आहे पण दोन वेळा कशाला उघडायचं, तीनची कॉइल एकला टाका आणि तीनचाच प्लग दोन नंबरला टाका, एकदम. ०३०१ आला तर कॉइल, ०३०२ आला तर प्लग, ०३०३ च राहिला तर दोन्ही चांगले आणि मग कॉम्प्रेशन टेस्ट.

पेट्रोलकाका:
डोकं आहे तुझं, पण ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाना धरलाय त्याला प्लग काढायला लावू नको. अॅल्युमिनियमचं हेड आहे, आटे गेले तर कॉइल परवडली म्हणायची वेळ येईल.

गेवराईवाला:
लातूरचं कुणीच सांगितलं नाही. नका नेऊ. दिवा नुसता लागलेला वेगळा आणि लुकलुकणारा वेगळा, लुकलुकला म्हणजे न जळालेलं पेट्रोल/गॅस सायलेन्सरकडं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जळायलंय. तो तापून आतून वितळतो, आणि त्याच्या किमतीत तुमच्या कॉइल, प्लग सगळं होऊन वर उरंल. आणि असली तापलेली गाडी रस्त्याच्या कडेला वाळल्या गवतावर उभी करू नका, उन्हाळ्यात आगी लागतात अशाने. गॅरेजवाला जुन्या सवयीने चालू गाडीत कॉइल उपसून ठिणगी दाखवतो म्हणाला तर त्याला पण थांबवा, शॉक बसतो आणि चांगली कॉइल पण जाते.

धागाकर्ता:
अपडेट. काकांची पद्धत केली, फक्त कॉइलची अदलाबदल. घाटात अर्ध्यावर दिवा लुकलुकला, स्कॅनर लावला तर पी०३०१! तीन नंबर एकदम शांत. कॉइल परत काढून उजेडात बघितली तर बूटवर वरपासून खालपर्यंत करडी रेघ. आणि तीन नंबरच्या खड्ड्यात ऑइल होतं, बाकीचे कोरडे. आता ओळखीच्या एका मिस्त्रीने त्याच्याकडची चालू कॉइल टेस्टला लावून दिलीय, गाडी घाट चौथ्यात चढली, एसी चालू ठेवून. प्लग पण त्यानेच काढले, मॅन्युअलमध्ये गॅप १.१ मिमी पर्यंत लिहिलाय आणि फिलर गेजने (गॅप मोजायच्या पट्ट्या) तीन नंबरचा १.४ भरला. एक कॉइल घेऊ का चारी?

सिंदफणाकाठ:
एकच घ्या, पण ओरिजिनल, पार्ट नंबर जुन्या कॉइलवरून जुळवून. प्लग मात्र चारी बदला. गॅप वाढला की कॉइलला प्रत्येक ठिणगीला जास्त व्होल्टेज ओढावं लागतं, जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवली तर तीपण त्याच वाटेने जाईल. बाकी तिन्ही कॉइलचे रबर बूट चिरलेत का बघा, चिरले असतील आणि बूट वेगळे मिळत असतील तर तेवढेच बदला. आणि ऑइलचं विसरू नका, टॅपेट कव्हरचं (हेडवरचं झाकण) पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांचे सील टाकायला सांगा, रबर ऑइलमध्ये भिजून फुगतं, मग वीज गळते, तीच कॉइल का गेली त्याचं कारण मला तरी तिथंच दिसतं.

धागाकर्ता:
पॅकिंग सांगितलं त्याला. सीएनजीवर प्लग किती किलोमीटरला बदलायचे?

पेट्रोलकाका:
मॅन्युअलमध्ये सीएनजीचा आकडा वेगळा असेल तर तो, नसेल तर पेट्रोलचा जो दिलाय त्याच्या आधीच. प्लग थंड्या इंजिनवरच बसवायला सांग, आधी हाताने शेवटपर्यंत फिरवायचा आणि मग टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला असतो. खड्ड्यातलं ऑइल आधी कापडाने टिपून घ्या, नाहीतर प्लग काढताना सगळं सिलेंडरमध्ये.