'कोरडी' वाइन आणि कोरड्यास

फ्रान्समधल्या तुलूजमध्ये राहतो. इथून पश्चिमेला, पिरेनीजच्या बाजूला मादिराँची तांबडी वाइन होते. द्राक्षाचं नाव ताना. परवा ती बदकाच्या कॉन्फीसोबत घेतली (मीठ लावून ठेवलेली तंगडी बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात). घरच्यांसाठी मराठीत चार ओळी लिहायला बसलो आणि अडकलो. फ्रेंच 'सेक'ला (शब्दशः कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाइन) मी 'कोरडी' लिहिलं, वाइनमधल्या टॅनिन या द्रव्याने तोंडाचं जे होतं त्यालाही 'कोरडं'च. आईने विचारलं, "पातळ पदार्थ कोरडा कसा?" शब्द सुचवा. आणि 'फूड पेअरिंग'ला (कोणत्या पदार्थासोबत कोणती वाइन, ती जोडी) काय म्हणावं?

*

टॅनिनला तुरट, आणखी काय! टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, देठांतून आणि नव्या ओकच्या पिंपातून. डाळिंबाची साल, हिरडा, कच्चं केळं यांची जी चव तीच ही. आयुर्वेदाने 'कषाय' म्हणून तिला सहा रसांत धरलंय. गंमत म्हणजे संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला 'कडू' मात्र 'कटु'वरूनच आला. म्हणून जुनं वाचून 'कटु मद्य' वगैरे लिहू नका, भलताच अर्थ होईल.

*

तुरट बरोबर, पण अपुरं. पाश्चात्त्य शरीरशास्त्र तुरटपणाला मूळ चवींत धरत नाही, स्पर्शासारखी संवेदना मानतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूवर घासते. त्याला मी 'राठ' म्हणेन. चव तुरट, जीभ राठ. चांगल्या वाइनचं टॅनिन मुरलं की राठपणा मऊ होतो. लोक त्याला मखमली म्हणतात, म्हणोत.

बदकाशी ती का जमते तेही यातच आलं. चरबी आणि प्रथिनं तोंडात असली की टॅनिनची धार कमी लागते. कोऱ्या चहात दूध घातलं की त्याचा तुरटपणा दबतो, तसंच.

*

'तोंडाला मिठी बसते' चालेल का?

*

नको. मिठी बसते ती फार गोड खाल्ल्यावर. इथे नेमकं उलटं आहे.

*

'सेक'साठी 'अगोड' घ्या. सेक म्हणजे वाइनमध्ये साखर जवळजवळ उरलेली नाही, एवढंच. 'बिनसाखरेची' म्हटलं तर मधुमेहींसाठी खास काढलेली वाटेल. तुरटपणाचा त्याच्याशी संबंध नाही. अगोड पांढरी वाइन जिभेवर अजिबात राठ न लागणारीही असते.

*

पेअरिंगबद्दल. 'चखणा' नकोच. चखण्यात दारू मुख्य आणि शेंगदाणे तिच्यासाठी. फ्रेंच जेवणात उलटं: पान मुख्य आणि वाइन पानासाठी. आपल्याकडे हे नातं 'तोंडी लावणं' या शब्दात आहे. आमच्या घाटावर तर भाकरीबरोबरच्या कालवणाला 'कोरड्यास' म्हणतात. "आज कोरड्यास काय?" कोरड्या घासाला ओलं करणारं ते कोरड्यास. मादिराँ त्या बदकाचं कोरड्यासच झालं! फक्त मटणाच्या तांबड्या रश्श्याला लावू नका. मद्यार्काने मिरचीची आग वाढते, वर टॅनिन. मी केलाय तो प्रकार.

*

'मादिराँ'चा आणि 'मदिरे'चा काही संबंध?

*

कानाला वाटतो तेवढाच. मादिराँ हे तिथल्या गावाचं नाव.

*

'कोरड्यास' वाचून आई खूश. पण पुणेकर मावशीला तो शब्दच ठाऊक नाही, म्हणून 'तोंडी लावणं' ठेवतोय. आणखी एक अडचण: फ्रेंचमध्ये घोट गिळल्यावर चव किती टिकली ते 'कोदाली'त मोजतात. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. शब्द लॅटिन 'शेपटी'वरून आलाय.

*

मग सेकंदच लिहा आणि क्रियापद 'रेंगाळते'. शेपूट मराठीत आणलंत तर वाचणारा बदकाचीच शोधेल.

*

हे पाहा कसं वाटतं: "रंग जांभळाकडे झुकणारा, पेल्याच्या काचेवर ओघळ सावकाश उतरतात. अगोड. पहिला घोट नुसता घेतला तर तुरट, जीभ राठ. बदकाचा घास खाऊन घेतला तर तीच वाइन निवळते आणि काळ्या मनुकांची चव दहाएक सेकंद रेंगाळते."

*

'निवळते' काढा. गढूळ होती की काय? 'नरमते' करा, बाकी पाठवून द्या.