मदत हवी आहे: टाकीत ऑस्कर माशासोबत कोण टिकेल?

रत्नागिरीजवळ राहतो. टाकी ४ × १.५ × १.५ फूट, म्हणजे साधारण २५० लिटर, टाकीबाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर. एकच ऑस्कर, ८ इंची. पाणी जांभ्यातल्या विहिरीचं, मऊ, पीएच ६.५, दर आठवड्याला तिसरा हिस्सा बदलतो.

छोटे गप्पी मासे सोडले, सकाळी एकही शिल्लक नव्हता. मग एंजल मासा आणला. दोन दिवसांत शेपटीच्या चिंध्या, बिचारा फिल्टरच्या नळीमागे दडून बसलेला. लगेच वेगळा काढला, आता सावरलाय. ऑस्करची ठरलेली हद्द मोडावी म्हणून दगडांची मांडणीही बदलून पाहिली.

मोठी टाकी सध्या शक्य नाही. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा बॅटरीच्या एअर पंपावरच भिस्त, म्हणून गर्दी नको.

एवढ्या जागेत पाच सिल्व्हर डॉलर मासे (चपटे, थव्याने राहणारे) चालतील, एखादा सेव्हेरम (ऑस्करच्याच सिक्लिड कुळातला मासा) बरा, की ऑस्करला एकटाच राहू द्यावा?