जुन्या बाजारात मिळालेली पट्टी, आणि तुमच्या घरची जुनी गाडी : आठवणी लिहा

खंबाटकी :
रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पान्यांचा सेट बघायला गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी ताडपत्रीवर नळ, कुलपं, घड्याळाचे पट्टे मांडले होते. त्यातच 'काँटेसा क्लासिक' लिहिलेली क्रोमची पट्टी पडली होती, हिंदुस्तान मोटर्सच्या त्या जुन्या मोटारीच्या डिकीवर असते ती. दोन पिना शाबूत, तिसरी मोडलेली, अक्षरांच्या खाचांत जुना पांढरा रंग अडकलेला. हातात घेतली आणि पाय तिथून हलेचनात. बाबा तीनशे म्हणाले, मी तीनशे दिले.

आमच्या दादांची (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) १९९१ची पांढरी काँटेसा होती, साताऱ्यात. इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन, पाच गियर. १९८४मध्ये काँटेसा आली तेव्हा तिला दीड लिटरचं ५० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. दादा त्या पहिल्या गाडीबद्दल म्हणायचे, "देह पैलवानाचा आणि दम शाळकरी पोराचा." इसुझू बसल्यावर मात्र ८८ हॉर्सपॉवर झाली, आणि खंबाटकीच्या घाटात आमची गाडी ट्रकांच्या रांगेतून अशी सुटायची की मागच्या सीटवर आम्ही दोघं भावंडं पाठीला चिकटायचो.

दर रविवारी सकाळी माझं एक काम ठरलेलं. दादा गाडी चालू करायचे आणि मी मागे उकिडवं बसून सायलेन्सरच्या तोंडासमोर रुमाल धरायचा. रुमाल एकसारखा बाहेर फडफडला तर ठीक. मध्येच आत ओढला गेला तर एखादा व्हॉल्व्ह जळलाय. "काय म्हणतोय रुमाल?" असं ते खिडकीतून ओरडायचे. मी आठ-नऊ वर्षांचा, पण त्या क्षणी त्या गाडीचा डॉक्टर मीच.

२००२मध्ये काँटेसाचं उत्पादन थांबलं. आमच्या गाडीच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा किट मिळेना, ती सहा महिने दारात उभी राहिली, शेवटी दादांनी विकली. नेणारा माणूस ती टो करून घेऊन गेला तेव्हा दादा बाहेर आले नाहीत. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

तुमच्या घरची गाडी, तुम्ही पुन्हा उभी केलेली, पळवलेली, गमावलेली, कुठलीही असो. लिहा.

उद्यमनगर :
रुमालाचं वाचून अंगावर काटा आला बघा. आमचे वस्तादपण हेच करायचे, फक्त रुमालाऐवजी वर्तमानपत्राचा कागद.

आमच्याकडं कोल्हापुरात पार्ट मिळत नाही असं होत नाही, पार्ट करावा लागतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडं जुना झिजलेला बुश घेऊन जायचं, तो व्हर्नियर लावतो, दोन मिनिटं गप्प बसतो आणि म्हणतो, "परवा या." परवा गेलं की तयार. माझ्या यझदी मोटरसायकलचा क्रँकच्या बाजूचा बुश असाच झालाय, आठ वर्षं झाली, हूं की चूं नाही. यझदी बनवणारी मैसूरची कंपनी १९९६ला बंद पडली, गाड्या अजून पळतायत त्या असल्या हातांवर.

दोनस्ट्रोक :
यझदी म्हटलं की आधी किक. तोच दांडा आत दाबून फिरवला की गियरचा. नवीन माणसाला गाडी दिली की तो पाच मिनिटं गियरचा दांडा शोधत बसतो 😄

पागडीवाली :
स्वयंपाक चालू आहे, थोडक्यात लिहिते. आमच्या अण्णांनी लालबागमध्ये राहून ३१ वर्षं टॅक्सी चालवली, सगळी पद्मिनीवर. गियर स्टिअरिंगच्या दांड्याला. मी त्याच टॅक्सीवर शिकले, रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर. अण्णा बाजूला बसून फक्त एवढंच म्हणायचे, "क्लच सोडताना अंडं पायाखाली आहे असं समज." मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला पासिंग झालेली, २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावर एकही नाही. त्या दिवशी अण्णांनी टीव्ही लावला, बातमी पाहिली, बंद केला आणि जेवायला बसले. काही बोलले नाहीत. मीठ कमी होतं भाजीत, तेही बोलले नाहीत. ते कधी सोडत नाहीत.

खंबाटकी :
ताई, अंड्याचं वाक्य मी आता माझ्या मुलीला सांगणार. अण्णांना नमस्कार सांगा.

दोनस्ट्रोक :
ताई, पद्मिनीचं हॅझर्ड काय, इंडिकेटर काय, सगळं हातानं दाखवायचे तेव्हा टॅक्सीवाले. हात बाहेर काढला की मागचा समजायचा. आता कोण समजतंय.

वऱ्हाडी गियर :
नागपूरहून. माह्याजवळ १९८९ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे, बाबांनी घेतलेली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम १०० किलोच्या वर. त्याच्यातच सगळं आलं. हलकी गाडी अन् अंगात ताकद.

तीन वर्षांमागं टेम्पोत टाकून कोइंबतूरले नेली, कारी मोटर स्पीडवेवर. २.१ किलोमीटरचा ट्रॅक. आधी हेडलाइटच्या काचेवर टेप मारा म्हणाले, फुटली तं तुकडे ट्रॅकवर नको. आरसे काढा, स्टँड तारेनं बांधा. मले वाटे मी वर्धा रोडवर लई पळवली हाय, मले येते. पहिल्याच फेरीत समजलं का वळणाच्या आत गेल्यावर ब्रेक मारता येत नाही, सगळं आधीच ठरवावं लागते. टू-स्ट्रोकले इंजिन ब्रेकिंग नसल्यागतच, थ्रॉटल सोडलं तरी गाडी वाहतच राहते. मार्शलनं पिवळा झेंडा दाखवला तं मी त्याच्याकडं पाहतच बसलो अन् थेट गवतात. लागलं नाही कुठं. दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांनी शिकवलं, कुठं पाहायचं ते. जिथं जायचं तिथं पाहा, जिथं भीती वाटते तिथं नको. तवापासून रस्त्यावर मी चाळीसच्या वर जात नाही, खरंच.

उद्यमनगर :
भावा, हे शेवटचं प्रत्येक आरएक्सवाल्यानं वाचावं. आमच्या गल्लीतली दोन पोरं गेली रंकाळ्याच्या रस्त्यावर. पळवायची तर ट्रॅकवरच पळवा.

वऱ्हाडी गियर :
हो दादा. वाईट वाटलं ऐकून.

पत्राकाम :
मी फक्त एक सांगतो, मी भोगलंय म्हणून. माझी प्रीमियरची ११८ एनई मोटार पुण्यात एका गॅरेजला डेंटिंग-पेंटिंगला दिली होती. दीड वर्ष ठेवली. आली तेव्हा आरशासारखी चकचकीत. पहिल्या पावसाळ्यानंतर दरवाजांच्या खाली फोड आले, टिचकी मारली तर पापुद्रा निघाला. आत गंज तसाच, वरून अर्धा इंच पुटी (खड्डे बुजवायचा लेप). सगळं परत खरवडून नवा पत्रा वेल्ड करून घेतला, दुप्पट पैसे गेले. गाडी दिल्यावर दर आठवड्याला जा. पत्रा उघडा असताना फोटो काढा. लाल ऑक्साइडचा (गंजरोधक रंगाचा) पहिला हात मारायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मिशिगनकर :
इकडे रात्रीचे साडेअकरा, झोप नाही म्हणून वाचतोय. डेट्रॉइटच्या बाहेर राहतो. माझा शेजारी गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालाय, त्याच्याकडे १९६७ची पाँटिॲक जीटीओ आहे. ४०० घन इंची व्ही-एट, म्हणजे साधारण साडेसहा लिटर. खंबाटकी, तुमच्या काँटेसाच्या साडेतीन पट! सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या वाजतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर या जुन्या गाड्यांची रांग लागते. १९९५मध्ये फर्नडेलच्या सॉकर मैदानासाठी पैसे जमवायला सुरू झालं, आता लाखोंनी माणसं येतात, घडीच्या खुर्च्या घेऊन फुटपाथवर बसतात. गेल्या वर्षी त्यानं मला शेजारी बसवलं. चार मैल जायला दोन तास लागले. प्रत्येक सिग्नलला कुणीतरी म्हातारा येऊन म्हणायचा, माझ्याकडे अशीच होती, विकली. मला आमचे साताऱ्याचे मामा आठवले, त्यांनी लुना विकली तेव्हा.

पागडीवाली :
लुना विकल्याचं दुःख मोठंच असतं हो. आमच्याकडे आईची होती, निळी.

मिशिगनकर :
ताई, मामांचीपण निळीच. पुढे टोपली.

किस्त्रीम :
एक काळजीची गोष्ट. आता सगळ्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कार्बोरेटरचा डायफ्राम त्यानं फुगतात, मऊ पडतात. माझ्या पद्मिनीच्या पेट्रोल पाइपला बोनेटखाली घाम सुटल्यासारखं दिसलं म्हणून वाचलो, गरम मॅनिफोल्डच्या वर तो पाइप जातो. इथेनॉल सोसणारे पाइप मिळतात, सगळे बदलून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

पत्राकाम :
+१. आणि बॅटरीची वायर काढून ठेवा.

दोनस्ट्रोक :
कोल्हापूरकर, त्या लेथवाल्याचा पत्ता निरोपात द्या ना. माझा पण क्रँक आवाज करतोय. येईन तेव्हा तांबडा-पांढरा माझ्याकडून.

उद्यमनगर :
पाठवतो. पण सोमवारी बंद असतंय, बाकी कधीही या. आणि रस्सा आमच्या घरीच, हॉटेलात नाही.

उसाचा मळा :
खंबाटकी दादा, कालपासून लिहू की नको करत होतो. आमच्या मिरजेजवळच्या मळ्यात चिंचेखाली एक काँटेसा उभी आहे. चुलत्यांची. १९९३ची, पेट्रोल, इसुझूचंच इंजिन. १२ वर्षं हलली नाही. टायर जमिनीत गेलेत, आत कोंबड्या अंडी घालतात. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण चुलत्यांनी दिली नाही. काल त्यांना तुमचा रुमाल वाचून दाखवला. ते म्हणाले, त्या पोराला बोलाव. पैशाचं नंतर बघू म्हणाले.

खंबाटकी :
दादा, वाचून बायकोला हाक मारली, तिला वाचून दाखवताना आवाज लागेना. येत्या रविवारी निघतो. चुलत्यांना चालेल का? त्यांना काय आवडतं? कंदी पेढे आणतो. डिकीवरची पट्टी आहे का त्या गाडीला?

उसाचा मळा :
चालतंय. पेढे आणा, साखर आहे त्यांना, पण अर्धा खातील. पट्टी नाही हो, दोन भोकं दिसतात, तिसऱ्यात माती.

पत्राकाम :
जाताना चुंबक घेऊन जा. रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, चिकटत नाही तिथं पुटी समजा. टॉर्च घ्या आणि गालिचा उचलून फ्लोअर बघा, पाय ठेवतो तिथं आणि जॅक लावायच्या जागी. बाकी सगळं दुरुस्त होतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक दिवस तसंच राहू द्या. लगेच स्टार्टर मारू नका, पान्यानं हातानं फिरवा आधी.

उद्यमनगर :
रविवारी मीपण मिरजेला येतो. ऑइल आणि लांब पाना माझ्याकडं आहे. शनिवारी रात्रीच ऑइल सोडायचं असेल तर दादा, प्लगचा पाना आहे का घरात?

उसाचा मळा :
आहे. ट्रॅक्टरचा बसतोय का बघतो. बॅटरी आणू नका, ट्रॅक्टरचीच लावू.