बटेरांच्या मारामाऱ्या आणि जखमा : तुमचे अनुभव लिहा

मुठीत मावणारं पाखरू दुसऱ्याची टाळू सोलू शकतं, हे मला ते बघेपर्यंत खरं वाटलं नसतं. सहा माद्या आणि तीन नर एकत्र ठेवले होते, ही माझीच चूक. नर चढताना मादीच्या डोक्यावरची पिसं चोचीत धरतो. तिघांनी आळीपाळीनं तेच केलं की आधी पिसं जातात, मग कातडी. एका सकाळी एकीच्या डोक्यावरचं कातडं मानेपर्यंत उलटलेलं दिसलं. ती गेलीच असं मी धरून चाललो होतो. लिटरभर कोमट पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुतली, पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं आणि तिला उबेत एकटी ठेवलं. दाणापाणी सुरू होतं तेव्हाच जरा धीर आला. तीन आठवड्यांत खपली पडून खाली नवी पिसं फुटली. आता चार-पाच माद्यांमागे एकच नर ठेवतो. तुमच्याकडे काय घडलं?

*

मी 'पाच माद्या' म्हणून आणल्या, त्यात दोन नर निघाले. पांढऱ्या बटेरात मादी ओळखायचे छातीवरचे ठिपके कुठले दिसायला! सहा-सात आठवड्यांचे झाल्यावर शेपटीखाली हलकंसं दाबून बघा. साबणासारखा फेस आला तर तो नर.

*

आमच्याकडे मारामारी नव्हतीच. रोज कुणाचं ना कुणाचं डोकं रक्ताळलेलं असायचं, म्हणून बिचाऱ्या नराला पंधरा दिवस वेगळं कोंडलं. तरी रक्त थांबेना. मग एका रात्री मांजर पिंजऱ्याजवळ आलं आणि धडाधड आवाज ऐकू आले. बटेर दचकली की सरळ वर उसळतात. आमचा पिंजरा दोन फूट उंच, म्हणजे वेग घेऊन आपटायला नेमका पुरेसा. आता उंची एक फुटाच्या आत आणली आहे, छताखाली मऊ जाळी ताणली आहे. नराची माफी मागितली.

*

उन्हाळ्यात जखम उघडी ठेवू नका. माश्या बसतात आणि दिवसभरात अळ्या दिसतात. आणखी एक, मलमात बेन्झोकेनसारखं बधिर करणारं औषध नाही ना, ते आधी वाचा. दीड-दोनशे ग्रॅमच्या जिवाला ते विषारी ठरू शकतं. डोळ्याला लागलं असेल तर मात्र घरगुती प्रयोग नकोतच, थेट पशुवैद्याकडे.

*

बरी झालेली मादी कौतुकानं परत सोडली आणि दहा मिनिटांत तिला पुन्हा टोचली. तिची जागा गेलेली असते, ती परकी ठरते. दुसऱ्या खेपेला आठवडाभर मध्ये जाळी लावली. मग सगळ्यांनाच एकदम धुतलेल्या, फांद्या-खोकी नव्यानं मांडलेल्या पिंजऱ्यात सोडलं. थोडी चोचाचोची झाली, रक्त नाही.

*

'नर कमी करा' एवढ्यानं भागत नाही हो. माझ्याकडे नर एकही नाही, तरी एक मादी बाकीच्यांची पाठ उघडी करायची. खाद्य अंड्यावरच्या कोंबड्यांचं होतं, प्रथिनं १६ टक्के. दिवाही रात्रभर जळत असे. २० टक्क्यांच्या वरचं खाद्य सुरू केलं, दिवा मंद करून रात्री बंद ठेवू लागलो, लपायला गवताचे आडोसे केले, धुळीत लोळायला परात दिली. बाकीच्या निवळल्या. ती नाही. तिला एका थोराड मादीबरोबर वेगळं ठेवलं आहे. तिच्या वाटेला अजून तरी गेलेली नाही.